मालकाची सही

डॉक्टर दुधाटे म्हणाले होते, आत्ताच नको.
मोठ्या जातीचं जनावर आहे, हाडं भरू द्या.
घाई केली तर पाय नुसते लांबतात,
पुढं खुब्याला त्रास होतो.
दीड वर्षाचा होऊ द्या, मग बघू.
मला बरं वाटलं.
ठरवणं पुढं ढकलायला
खुद्द डॉक्टरच भेटले.

आता हौशा एकोणीस महिन्यांचा.
वजन अठ्ठावन्न किलो,
म्हणजे हरभऱ्याच्या पोत्याहून आठ जास्त.
बसल्या जागेवरून माझ्या टेबलावर हनुवटी टेकतो
आणि मी मोटार भरत असतो तेव्हा
तांब्याच्या तारेकडं असा बघतो
की बिल त्यालाच फाडायचंय.

मागच्या पंधरवड्यात जिंतूर रोडपलीकडं
कुणाची तरी कुत्री माजावर आली.
हा तीन रात्री जेवला नाही.
चौथ्या रात्री फाटक गेलं, बिजागरीसकट.
सकाळी विद्यापीठाच्या कुंपणापाशी सापडला,
कान फाटलेला,
तोंडावर लाज होती की मिजास
ते मला अजून कळलेलं नाही.

दुकानात लोक जळालेली मोटार ठेवतात
आणि जाताना मत ठेवून जातात.
'नर हाय तो. कामून वाटोळं करता?'
नांदेडहून कुलवंतचा फोन :
'भाऊ, माझी राणी तयार आहे. एकदा जोड लावू,
मग काय कापायचं ते काप.
आठ पिल्लं धर. हिशोब कर.'
मी केला. खोटं कशाला बोलू,
जुन्या पावतीच्या पाठीवर केला
आणि आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

त्या रात्री गावाकडचा चिमटा आठवला.
बापानं गोऱ्ह्याचे पाय दाव्यानं बांधलेले,
मला डोकं धरायला लावलेलं.
कट्ट, एवढाच आवाज.
रक्त नाही, काही नाही.
सकाळी गोऱ्हा होता, संध्याकाळी बैल.
भाषेनंसुद्धा एका दिवसात शब्द बदलला.
त्यानं दोन दिवस कडबा हुंगला नाही,
तिसऱ्या दिवशी खाल्ला,
पुढच्या साली वखराला चालला.
कुणी कुणाला विचारलं नव्हतं,
आणि माझ्या हाताला अजून
त्याच्या कपाळाची ऊब आहे.
कुत्र्यासाठी असा दुसरा शब्दच नाही.
हौशा हौशाच राहील,
मग मी नेमका कशाला भितोय?

हे सगळं मी वनमालाला सांगत होतो.
ती शेंगा फोडत होती.
मी म्हणालो, त्याला काही सांगता येत नाही ना,
त्याच्या वतीनं आपण कसं ठरवायचं?
तिनं टरफलं सुपात ओढली.
म्हणाली,
'गंगाखेडच्या शिबिरात माझ्या वतीनं कोण बोललं होतं?'

बावीस वर्षं झाली.
हॉलमध्ये ओळीनं सतरंज्या,
बाया, त्यांच्या सासवा, रडणारी लेकरं.
फॉर्मवर खाली एक रकाना होता, पतीची सही.
मी उभ्याउभ्या केली,
बाहेर रिक्षा थांबली होती म्हणून.
नर होतो मी.
मला कुणी सल्ला दिला नाही,
मी पंधरवडा झोपेविना काढला नाही,
कुणाच्या वाटोळ्याची गोष्ट निघाली नाही.

'टाके किती दिवस जपायचे म्हणाले डॉक्टर?'
'दहा. उड्या मारू द्यायच्या नाहीत.
जिना नाही. ओढाताण नाही.'
'हं,' ती म्हणाली.
'मी चौथ्या दिवशी हंडा उचलला होता.'
तक्रार नव्हती त्यात.
नळ कधी येणार हे सांगावं
तसं सांगितलं.

हौशा दारात आडवा पसरलेला,
अख्खा उंबरा अडवून.
झोपेत त्याचे पाय पळत होते,
कुठल्यातरी रस्त्याच्या पलीकडं.
मी त्याला ओलांडून अंगणात गेलो,
तुटलेलं फाटक तारेनं बांधलं, सोडलं, परत बांधलं.

ऊन तापायच्या आत करायला पाहिजे,
उन्हाळ्यात जखम चिघळते.
म्हणजे हा महिना, फार तर पुढचा.
फॉर्म टीव्हीच्या खाली आहे.
'मालकाची सही' लिहिलंय त्याच्यावर.
परवा बघितलं तर
वनमालानं त्यावर पेन ठेवलाय,
टोपण काढून.